चार हात जागा

गेल्या सुक्कोथच्या सणात माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी आमच्याकडे जेवायला आली होती. ती येथे आर्किटेक्चर शिकते. जेवण झाले, पाऊसही जरा थांबला, तेव्हा तिने पिशवीतून कागदाची गुंडाळी काढली आणि आमच्या मागच्या अंगणातल्या सुक्क्यात, ताटे बाजूला सारून, टेबलावर पसरली. तो एका घराचा नकाशा होता. घर अवघे १८ चौरस मीटरचे. भिंती रुळांवरून सरकणाऱ्या, पलंग भिंतीत शिरणारा, टेबल जमिनीतून वर येणारे. सकाळी सहाला ते घर स्वयंपाकघर, नऊला कचेरी, सायंकाळी दिवाणखाना आणि रात्री शेजघर. कागदाच्या डोक्यावर तिने नाव दिले होते, ‘स्थलकाल घर’.

“मावशी, तूच आम्हाला आइनस्टाइन सांगायचीस ना?” ती म्हणाली. “स्थळ आणि काळ निराळे नाहीत. मग घर नुसते स्थळातच का मोजायचे? काळातही मोजले तर १८ मीटरचे ७२ होतात.”

मी तिचे कौतुक केले. रेखाटन सुबक होते आणि मुलीला कष्ट करण्याची हौस आहे. परंतु त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. मी अनेक वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकविले. विद्यार्थ्याचे उत्तर बरोबर येते आणि तरी त्याने मध्ये एक पायरी चुकविलेली असते, अशा वेळी मनात जी चुळबुळ होते, तीच त्या रात्री होत होती. शिवाय माझे बालपण अशाच एका घरात गेले आहे. माझगावच्या चाळीतली आमची खोली दहा बाय बाराची होती, म्हणजे ११ चौरस मीटर, आणि माणसे सात. आमच्या घराचेही दिवसातून चार वेळा रूप बदलत असे; मात्र त्याला कोणी आइनस्टाइनचे नाव दिले नव्हते.

या पानांच्या वाचकांपैकी बहुतेकांनी तशी खोली पाहिली आहे, आणि पुष्कळांची मुले आज या देशात भरमसाट भाडे देऊन जवळजवळ तेवढ्याच जागेत राहत आहेत. म्हणून हा विचार वाचकांपुढे ठेवते. प्रश्न दोन आहेत. लहान घर पुरे आहे असे विज्ञान खरोखर सांगते काय? आणि समजा सांगत असले, तरी ‘तुला एवढे पुरे’ असे एका माणसाने दुसऱ्याला म्हणावे काय?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता येते. हर्मान मिन्कोव्स्की या गणितज्ञाने, जो आपल्याच यहुदी वंशातला, १९०८ साली कोलोन येथील व्याख्यानात स्थळ आणि काळ यांची सांगड घातली. ती त्याने आइनस्टाइनच्या १९०५ सालच्या सिद्धांतावरून घातली. परंतु हा चमत्कार प्रकाशाच्या वेगाजवळ दिसतो. एखादा माणूस सेकंदाला एक मीटर या रमतगमत चालीने ऐंशी वर्षे अखंड चालत राहिला, तर स्थिर बसलेल्या माणसाच्या घड्याळाच्या तुलनेने त्याचे घड्याळ किती मागे पडेल? एका सेकंदाचे सात कोटी भाग केले तर त्यांपैकी एका भागाएवढे. तेव्हा पलंग भिंतीत ढकलल्याने स्थळाचे काळ होत नाही. भाचीला मी फोनवर हा हिशेब सांगितला तेव्हा ती हसली आणि म्हणाली, “मावशी, मी गणित म्हणत नव्हते, कल्पना म्हणत होते.” ठीक आहे. मग कल्पनेचाच विचार करू.

१९५४ साली मॅक्स जॅमर यांचे ‘स्थळाच्या कल्पना’ या विषयावरील इंग्रजी पुस्तक निघाले. हे गृहस्थ पुढे इस्राएलमधील बार-इलान विद्यापीठाचे प्रमुख झाले. त्या पुस्तकाला प्रस्तावना आइनस्टाइनची आहे. तिच्यात त्यांनी स्थळाविषयीच्या दोन जुन्या समजुती सांगितल्या आहेत. एक अशी की स्थळ म्हणजे पेटी. वस्तू असोत नसोत, पेटी आपली आहेच. न्यूटनने हीच बाजू घेतली. दुसरी अशी की स्थळ म्हणजे वस्तूंची एकमेकींशी असलेली मांडणी. वस्तूच नसतील तर स्थळ असे काही उरत नाही. लायब्निट्स या बाजूचा. आइनस्टाइनचे स्वतःचे मन या दुसऱ्या बाजूकडे झुकणारे होते. जॅमर यांनी त्याच पुस्तकात आपल्या रब्बींची आठवण काढली आहे, कारण रब्बी परमेश्वराला ‘हामाकोम’, म्हणजे ‘स्थळ’, असेही म्हणत. जग त्याच्यात आहे, तो जगात मावत नाही, असा त्यातला भाव. शोकग्रस्तांचे सांत्वन करताना आपण आजही त्याच नावाने परमेश्वराला हाक मारतो. अर्थाकडे लक्ष मात्र क्वचितच जाते.

आता घर ही पेटी की मांडणी? भाचीचे म्हणणे, तिचे घर म्हणजे मांडणी. पेटी लहान असली म्हणून काय झाले, मांडणी श्रीमंत आहे. हे म्हणणे पोरकट नाही, आणि ते काढणारी ती पहिलीही नाही. हॉलंडमध्ये १९२४ साली तेओ व्हान डूसबर्ग याने नव्या वास्तुकलेचा जाहीरनामा काढला, त्यात घराच्या हिशेबात काळही धरावा अशी मागणी होती. त्याच वर्षी उट्रेख्त गावी रीटव्हेल्ड याने श्रोडरबाईंसाठी एक छोटे घर बांधले. त्याचा वरचा मजला दिवसा एकच मोकळी खोली, आणि रात्री पडद्यासारख्या भिंती ओढल्या की निरनिराळ्या खोल्या. बाई विधवा होत्या, तीन मुले होती, आणि हे सारे त्यांनी स्वतः मागून, रीटव्हेल्डच्या बरोबरीने बसून ठरविले होते. १९८५ साली मृत्यू येईपर्यंत त्या तेथेच राहिल्या. ‘स्वतः मागून’ हे शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत.

पुढे १९४१ साली सीगफ्रीड गीडिओन या स्विस इतिहासकाराने एक जाडजूड ग्रंथ लिहून नवी वास्तुकला आणि नवे पदार्थविज्ञान यांचे नातेच लावून टाकले. त्यातला मजकूर एरिक मेंडेलसोन या यहुदी वास्तुशिल्पकाराने खुद्द आइनस्टाइनकडे पाठवून त्यांचे मत विचारले. पोट्सडामचा आइनस्टाइन मनोरा बांधणारे ते हेच मेंडेलसोन. आइनस्टाइनने चार ओळींची एक थट्टेची कविताच उलट पाठविली. तिचा मथितार्थ असा की वाटेल ते बरळण्याची तयारी असली तर नवे बोलणे सोपे आहे. नवे आणि शहाणपणाचे असे दोन्ही एकत्र सापडणे दुर्मीळ.

त्या मनोऱ्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. सूर्यप्रकाशात सापेक्षतेची खूण सापडते का, हे पाहण्यासाठी तो १९२० च्या सुमारास उभारला गेला. पाहणाऱ्याला वाटते की सारा मनोरा काँक्रीटचा एकसंध ओतलेला आहे. प्रत्यक्षात तो बराचसा विटांचा असून वरून गिलावा आहे, आणि ओल धरल्यामुळे त्याची दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली. विज्ञानाचे नाव घेतलेल्या घराला ओल धरायची राहत नाही. मेंडेलसोन १९३३ साली हिटलरमुळे इंग्लंडला आले. चेल्सीत त्यांनी बांधलेले एक घर अजून उभे आहे, आणि रेहोवोथला डॉ. वाइझमन यांचे घर त्यांचेच.

भाचीला ही थट्टेची गोष्ट सांगितली तर ती म्हणाली, “मग चल, मी तुला एक घर दाखवते.” आणि आम्ही दोघी हॉलंड पार्कला गेलो. तेथे लॅन्सडाउन वॉक या रस्त्याच्या टोकाला व्हिक्टोरियन काळातले एक घर आहे. चार्ल्स जेंक्स हे लेखक, त्यांची पत्नी मॅगी केझिक आणि वास्तुशिल्पकार टेरी फॅरेल यांनी १९७८ ते १९८३ या काळात ते आतून पार बदलून टाकले. त्याला आता ‘कॉस्मिक हाउस’, विश्वाचे घर, म्हणतात. २०१८ साली त्याला पहिल्या श्रेणीच्या संरक्षित इमारतीचा मान मिळाला, २०१९ साली जेंक्स वारले आणि २०२१ पासून ते लोकांना पाहता येऊ लागले. तिकीट आधी काढावे लागते.

मधोमध गोल जिना, त्याला ५२ पायऱ्या, वर्षाच्या ५२ आठवड्यांच्या. जिन्याच्या तळाशी पाओलोझ्झी या शिल्पकाराने केलेले कृष्णविवराचे मोझेक. भोवती ऋतूंच्या नावाच्या खोल्या. स्वयंपाकघराचे नाव ‘इंडियन समर’! इंग्रजीत याचा अर्थ शरदात अवचित येणारे ऊबदार दिवस, हे मला ठाऊक आहे; तरी मसाल्याच्या डब्याशिवाय हे नाव पाहून हसू आवरले नाही. ग्रीक देवळांच्या माथ्यावर उभ्या खाचांची नक्षी असते ना, तेथे या स्वयंपाकघरात लाकडी चमचे बसविले आहेत. मला घर आवडले. विश्व केवढे आणि आपण केवढे हे रोज जिना उतरताना आठवावे, यात वाईट काय आहे? आपणही चौकटीला मेझुझा लावून येता-जाता तिला हात लावतोच. परंतु हे घर लहान नव्हे. ज्याच्यापाशी जागा आणि पैसा दोन्ही होते त्याने आपल्या हौसेने विश्वाचे चित्र घरात काढले, आणि कोणाला सांगितले नाही की बाबा रे, विश्व एवढे आहे म्हणून तू कमी जागेत राहा.

भाची जिन्यात म्हणाली, “ही नक्षी झाली. माझे तत्त्व आहे.” मला तिचा हा ताठा आवडतो. परंतु माझी शंका तत्त्वाबद्दलच होती, आणि ती मला शब्दांत पकडता येत नव्हती. पुढच्या रविवारी हॅम्पस्टेडजवळच्या लॉन रोडवर गेलो तेव्हा ती सापडली.

लॉन रोडची इमारत १९३४ सालची. तिला आयसोकॉन म्हणतात. जॅक आणि मॉली प्रिचर्ड या जोडप्याने वेल्स कोट्स याच्याकडून ती बांधून घेतली. तिसांहून अधिक छोटी बिऱ्हाडे. एका बिऱ्हाडात एक खोली, कपाटाएवढे स्वयंपाकघर, न्हाणी, आणि जागच्या जागी बसविलेले सामान. आधुनिक माणसाजवळ सामान थोडे असावे, त्याला जागाही थोडीच लागेल, हे त्यामागचे तत्त्वज्ञान. हिटलरपासून पळून आलेले ग्रोपियस, ब्रॉयर, मोहोय-नॉज असे थोर कलावंत तेथे राहिले. अगाथा ख्रिस्ती युद्धाच्या काळात तेथे राहून कादंबऱ्या लिहीत होत्या. आता तळमजल्यावर लहानसे प्रदर्शन आहे. तेथे वाचता वाचता एका गोष्टीशी मी थांबले. भाडेकरूंची बिछाने घालण्याची, झाडलोटीची, कपडे धुण्याची, बूट पॉलिश करण्याचीही सोय इमारतीतर्फे होती, आणि जेवण खालच्या मोठ्या स्वयंपाकघरातून वर येत असे. आणि मालक प्रिचर्ड कुटुंब स्वतः राहत होते ते सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या प्रशस्त जागेत.

मी भाचीला विचारले, “तुझ्या घरात पलंग भिंतीत कोण ढकलतो?”

“जो राहतो तो.”

“आणि सात माणसे राहत असतील तर?”

ती गप्प राहिली. मीही तो विषय तेथे वाढविला नाही, कारण मग मला आईविषयी बोलावे लागले असते. ते येथे लिहिते. लिहिणे बोलण्याहून सोपे जाते.

आमच्या खोलीत एकच टेबल होते. सकाळी त्याच्यावर बाबांचा डबा भरला जाई, दुपारी इस्त्री, संध्याकाळी आम्हा भावंडांचा अभ्यास. शुक्रवारी सायंकाळी त्याच्यावर पांढरे कापड पडे, मनुकांच्या शरबताचा पेला ठेवला जाई, काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल घालून दिवा लागे आणि तीच खोली राजवाडा होई. हे मी आठवणींच्या गोडीने म्हणत नाही. तेव्हाही आम्हाला तसेच वाटे. स्थळ म्हणजे पेटी नव्हे, मांडणी आहे, हे मी महाविद्यालयात जाण्यापूर्वी आमच्या टेबलावर शिकले.

परंतु मांडणी आपोआप होत नाही. विश्वात ग्रह आपापल्या जागी फिरत राहतात, त्यांना कोणी उचलून ठेवीत नाही. आमच्या खोलीत पहाटे साडेचारला सात वळकट्या गुंडाळून माळ्यावर टाकल्याशिवाय स्टोव्ह पेटत नसे, आणि रात्री सर्वांची जेवणे होऊन, भांडी मोरीत घासून, फरशी पुसून कोरडी झाल्याशिवाय वळकट्या सोडता येत नसत. हे काम आई करी. ती सर्वांच्या नंतर निजे आणि सर्वांच्या आधी उठे, म्हणजे तिची वळकटी सर्वांच्या नंतर पसरली जाई आणि सर्वांच्या आधी उचलली जाई. कोणी पाहुणा आला, आणि कोकणातून कोणी ना कोणी येतच असे, तर बाबा गॅलरीत निजत आणि आई मोरीच्या कडेला अंग चोरून. १८ मीटरचे ७२ होतात, मला मान्य आहे. ते वरचे ५४ मीटर कोणाच्या तरी पाठीतून आणि झोपेतून काढलेले असतात. ही ती चुकलेली पायरी.

आम्ही आईची नेहमी स्तुती केली. ‘एवढ्याशा खोलीत तिने सात जणांचे केले,’ हे वाक्य आमच्या घराण्यात किती वेळा बोलले गेले असेल! तिला ते पुरेसे होते का, हे आम्ही तिला विचारले नाही. ती तक्रार करीत नसे, तेव्हा पुरेसे असावे, असे धरून चाललो. स्वतः कमीत राहणे हा सद्गुण आहे. दुसऱ्याचे कमीत भागते म्हणून त्याची वाखाणणी करणे हा सद्गुण आहे की सोय आहे, याविषयी मला आज शंका वाटते.

येथे कोणी म्हणेल की थोर माणसे साध्या झोपडीतच राहिली. आइनस्टाइनचेच पाहा. १९३३ च्या सप्टेंबरमध्ये, बेल्जियममध्ये जिवाला धोका वाढल्यामुळे, त्यांना इंग्लंडात आणून नॉरफोक परगण्यात क्रोमरजवळच्या रफ्टन हीथ या माळावर एका लाकडी झोपडीत ठेवले होते. पार्लमेंटचे सभासद लॉकर-लॅम्पसन यांनी ती व्यवस्था केली होती. बाहेर बंदुका घेऊन पहारा असे. शिल्पकार जेकब एप्स्टाइन यांनी त्यांचा अर्धपुतळा त्याच दिवसांत केला. त्या एकांतात विचाराला निवांतपणा मिळतो असे आइनस्टाइनना वाटले, आणि ३ ऑक्टोबरला रॉयल अल्बर्ट हॉलमधील भाषणात त्यांनी सुचविले की तरुण शास्त्रज्ञांना दीपगृहाच्या रखवालदारासारखी कामे द्यावीत. ही गोष्ट खरी आहे. परंतु पुढचेही सांगावे. ते तेथे काही आठवडेच होते. ७ ऑक्टोबरला ते साउदॅम्प्टनहून अमेरिकेला गेले, आणि प्रिन्स्टनला १९३५ पासून मरेपर्यंत एका अगदी सामान्य, प्रशस्त, लाकडी घरात राहिले. स्थळकाळाची सांगड जगाला समजावणाऱ्या या माणसाला सरकत्या भिंतींची गरज भासली नाही; त्याला दार लावून बसायला एक खोली हवी होती. झोपडी ही त्याची सुक्का होती, घर नव्हते.

आणि सुक्क्यावरूनच मला या प्रश्नाचा दुसरा भाग उलगडला असे वाटते. सुक्का म्हणजे लहान घराचा आपल्याकडला सर्वांत जुना प्रयोग. माझगावला असताना प्रार्थनामंदिराच्या अंगणात माडाच्या झावळ्या टाकून ती उभी राही, आणि छपरातून तारे दिसावेत असा संकेत असल्यामुळे आम्ही पोरे मान वर करून तारे मोजीत बसत असू. विश्वाचे घर म्हणायचे तर तेच. जेंक्ससाहेबांच्या ५२ पायऱ्या नकोत.

तर मिश्नेत असा वाद आहे. माणसाचे डोके आणि बरेचसे अंग सुक्क्यात मावले, पण टेबल घरात राहिले, तर चालेल काय? हिल्लेलची शाळा म्हणते, चालेल. शम्मायची शाळा म्हणते, नाही. टेबलही आत मावले पाहिजे. आपण लहानपणापासून शिकलो की हिल्लेल मवाळ, शम्माय कडक, आणि निर्णय बहुधा हिल्लेलच्या बाजूने. येथे मात्र निर्णय शम्मायच्या बाजूने आहे. डोके, बरेचसे अंग आणि टेबल, यासाठी किमान जागा सात मुठी लांब, सात मुठी रुंद. मूठ म्हणजे चार बोटांची रुंदी. कारण असे दिले आहे की टेबल बाहेर राहिले तर माणूस टेबलामागे ओढला जाईल. मला यात आणखीही काही दिसते. ज्या जागेत अंग मावते पण टेबल मावत नाही, तेथे माणूस ठेवलेला असतो, राहत नसतो. कडक समजलेल्या शम्मायने येथे माणसाची बाजू घेतली आहे.

पण सात मुठी हे माप सात दिवसांच्या मांडवाचे. कायमच्या घराचे माप रब्बींनी निराळे ठेवले: चार हात लांब, चार हात रुंद. त्याहून लहान असेल त्याला मेझुझा लावण्याचे बंधन नाही, गच्चीला कठडा घालण्याचे बंधन नाही, आणि तसले घर नवे बांधले म्हणून कोणाला लढाईवरून परत पाठविता येत नाही. थोडक्यात, ते घरच नव्हे. अठरा-एकोणीस इंचांचा हात धरला तर हे साडेतीन चौरस मीटरच्या आसपास येते. म्हणजे फार मोठी मागणी नाही. महत्त्वाचे हे की दोन मापे आहेत. आठवडाभर, स्वखुशीने, सण म्हणून राहायचे तेव्हाचे एक. आणि जन्मभर राहायचे तेव्हाचे दुसरे, मोठे. पहिल्या मापाची गोडी दाखवून दुसऱ्यात काटछाट करावी, अशी मोकळीक शास्त्राने दिलेली नाही.

या देशानेही तसे माप ठरविले होते. पार्कर मॉरिस समितीचा अहवाल १९६१ सालचा. १९६९ पासून नगरपालिकांच्या नव्या घरांना तो बंधनकारक होता, आणि १९८० साली ते बंधन काढून टाकण्यात आले. २०१५ साली पुन्हा एक राष्ट्रीय प्रमाण आले: एका माणसाला, शॉवरच्या न्हाणीसह, ३७ चौरस मीटर. तेही प्रत्येक नगरपालिकेने आपखुशीने स्वीकारायचे. मध्यंतरी २०१३ पासून कचेऱ्यांची बिऱ्हाडे करण्याची मोकळीक मिळाली आणि पेट्यांसारखी घरे निघाली, तेव्हा अशा घरांनाही एप्रिल २०२१ पासून ते प्रमाण लागू करावे लागले. अनेक भाडेकरूंच्या घरातील खोलीला २०१८ पासून किमान ६.५१ चौरस मीटर लागतात. तो .५१ वाचून मला रब्बींची आठवण झाली. असा काटेकोरपणा हास्यास्पद वाटतो खरा, परंतु त्याशिवाय दुबळ्याची जागा राखली जात नाही. मुंबईतही बीडीडी चाळींतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या गेल्यानंतर आता ५०० फुटांची घरे मिळू लागली आहेत. तेथल्या आयांपैकी किती ते पाहायला राहिल्या असतील?

भाचीच्या नकाशाला यामुळे बाध येतो असे मी म्हणत नाही. तिला स्वतःला तशा घरात राहायचे असेल तर श्रोडरबाईंप्रमाणे खुशाल राहावे. परंतु परवा ती आली तेव्हा तिचा नकाशा परीक्षकांना आवडल्याचे सांगत होती, आणि एका बांधकाम कंपनीने अशी दोनशे घरे काढता येतील का असे विचारल्याचेही. दोनशे घरांत श्रोडरबाई किती निघतील हा प्रश्न मग मी विचारलाच.

ती रागावली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, “मला तुमच्या खोलीचा नकाशा काढून दे.” मी पट्टी घेऊन बसले. दहा बाय बारा. दार येथे, खिडकी येथे, मोरी, माळा, टेबल. तिने तीन कागद मागितले, सकाळ, संध्याकाळ आणि रात्र, आणि प्रत्येकावर कोण कोठे असे त्याचा ठिपका द्यायला सांगितले. बाबा, आजोबा, आम्ही चार भावंडे. भराभर ठिपके पडले. कोण कोठे अभ्यासाला बसे हे मला आजही बोटाने दाखविता येते.

“आणि आजी कुठे बसायची?” तिने विचारले.

मी सकाळचा कागद पाहिला, मग संध्याकाळचा. पेन्सिल हातात तशीच राहिली. शेवटी दारापाशी, गॅलरीच्या उंबरठ्यावर, तांदूळ निवडायला ती जेथे टेकत असे, तेथे एक ठिपका दिला. भाचीने पट्टी लावून पाहिले. तो खोलीच्या रेषेवर पडत होता, आत नव्हता.